बारा दिवसांचं तेल

१

आप्पांच्या वहीतली पानं कुणीतरी फाडली होती.

गुरुवारी दुपारी माझ्या ते लक्षात आलं. खरं तर मी गाडीचे कागद शोधत होते. दिवाणखान्यातल्या खणात, जुन्या पंख्याच्या पट्ट्याखाली, ही निळ्या पुठ्ठ्याची वही असते. आप्पा म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ती प्रयोगशाळा गाडीच्या बॉनेटखाली हलवली. रोज सकाळी इंजिन थंड असताना तेलाची पट्टी बाहेर ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची आणि तेल कुठवर आलंय ते वहीत लिहायचं. पट्टीवरची खालची खूण म्हणजे शून्य, वरची म्हणजे दहा. अठरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीचीही नोंद आहे : 'सात. पाहुण्यांची गर्दी.'

शेवटची नोंद मागल्याच्या मागल्या शुक्रवारची होती. तीही 'सात'. तिच्यापुढे शिवणीत अडकलेले कागदाचे वेडेवाकडे दाते आणि नंतर थेट कोरं पान. एका पानावर एक आठवडा, म्हणजे दोन पानं गेली होती. शनिवारपासून कालच्या बुधवारपर्यंतचे बारा दिवस.

आणि बुधवारीच तर ते झालं होतं. सकाळी नऊला आप्पा माझ्या चार वर्षांच्या मुलीला, भुंगीला, शाळेत सोडायला निघाले. पुलाच्या चढावर इंजिनातून खडखड आवाज आला, तेलाचा लाल दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी आवळल्यासारखी थांबली. मागून येणाऱ्या बसने ब्रेक दाबला तेव्हा दोघांमध्ये हातभर अंतर होतं. भुंगीचा ओठ पुढच्या सीटवर आपटून फुटला. टाका पडला नाही, एवढंच.

मी एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करते. कागद का हरवतात, ते मला थोडंफार कळतं. चुकून हरवलेला कागद कुठल्या तरी भलत्याच फायलीत सापडतो. मुद्दाम हरवलेला सापडत नाही. जुनं इंजिन आपोआप बंद पडू शकतं. वहीची पानं आपोआप फाटत नाहीत.

२

घरात मोठी माणसं चार. आप्पा, सासूबाई, माझे धाकटे दीर आणि मी. नवरा दुसऱ्या गावी धरणाच्या कामावर, शनिवार-रविवारीही येईलच असं नाही. बुधवारी फोनवर तो एवढंच म्हणाला, "आप्पांच्या ताब्यात पोर द्यायची की पाळणाघरात घालायची, तू ठरव. सोमवारच्या आत ठरव."

पाळणाघराचा अर्ज माझ्या पर्समध्येच होता. भुंगी शाळेतून आल्यापासून मी घरी येईपर्यंतचे पाच तास आप्पांकडे असते. वरण-भात, झोप, गोष्ट, आणि गाडीची उजळणी. "आठशे सीसी, सिलिंडर तीन, कार्ब्युरेटर एक, तेल पावणेतीन लिटर!" हे तिला रंगांच्या आधी पाठ झालं. ते पाच तास काढून घेतले तर आप्पांकडे काय उरेल, हे मला समजत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोरून तो फुटलेला ओठ हलत नव्हता.

मी वही घेऊन आप्पांकडे गेले.

"आप्पा, यातली पानं?"

"कसली पानं?" ते वर्तमानपत्र वाचत होते. वर पाहिलं नाही.

"बारा दिवसांची."

"असतील कुठेतरी."

जो माणूस पाकीटसुद्धा पट्टी लावून कापतो, त्याने अशी पानं ओरबाडली असतील हे मला पटेना. मग कुणी?

दीर ओसरीत बुटांना पॉलिश करत होते. त्यांनी नवी गाडी नोंदवली आहे, आणि आमच्या दारात एकच गाडी मावते. जुनीला ते 'पितळी बंब' म्हणतात.

"भाऊजी, एक विचारू?"

"वहिनी, तुझा आवाज ऐकूनच कळलं, मी आरोपी आहे."

"गाडी बंद पडली ती तुमच्या पथ्यावरच पडली ना?"

"पडली की! त्या बंबाला थंडीत चोक ओढल्याशिवाय जाग येत नाही, उन्हाळ्यात रेडिएटरचा पंखा झोपतो, आणि पावसाळ्यात प्लगला सर्दी होते. सहा महिने झाले मी सांगतोय, काढा ती. पण म्हणून मी तिचा गळा दाबेन?"

"बॉनेट उघडलं होतंत का?"

ब्रश थांबला. "मी? छे. आप्पांचा नियम माहितीये ना, त्यांच्याशिवाय आणि मेकॅनिकशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी कशाला हात लावतोय!"

एवढं लांबलचक 'नाही' मला कुणाचंच आवडत नाही. ज्याला खरंच ठाऊक नसतं तो नुसती मान हलवतो.

३

शुक्रवारी सकाळी मी भुंगीच्या खडूपेटीतला तपकिरी मेणखडू घेतला, त्यावरचा कागद सोलला आणि वहीच्या त्या कोऱ्या पानावर आडवा धरून हलकेच फिरवला. आप्पा बॉलपेन दाबून लिहितात. सही करतात ती खालच्या तीन कागदांवर उमटते.

"आई, मीपण!" भुंगी कोपराशी लोंबकळली.

"तू दुसरं पान घे."

तपकिरी रंगात पांढऱ्या रेघा वर येऊ लागल्या. पहिल्या पानाचे आकडे पुसट होते : आठ, साडेआठ, नऊ. दुसऱ्या पानाचे स्पष्ट होते. शनिवार, दहा. रविवार, तेवढंच. सोमवार, अकरा. मंगळवार, बारा.

मी दोनदा वाचलं. इंजिनातलं तेल कमी होतं, हे मलासुद्धा माहीत आहे. जुन्या इंजिनात थोडं जळतं, थोडं गळतं. इथे ते वाढत होतं. सातवरून बारा, म्हणजे वरच्या खुणेच्याही पार वर. रोज थोडं थोडं कुणीतरी त्यात काहीतरी घालत होतं.

बुधवारच्या ओळीत आकडा नव्हता. तिथे एकच शब्द होता, आणि तो इतका दाबून लिहिलेला की पेनाने कागद खरवडला होता.

'मी?'

४

मेकॅनिकला आमच्याकडे 'कानसेन' म्हणतात. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो आजार सांगतो. कोपऱ्यावरच्या त्याच्या शेडमध्ये आमची गाडी बॉनेट वर करून उभी होती. मी रुग्णालयात जाता जाता तिथे थांबले.

"ऐकण्यासारखं काही राहिलंच नाही, ताई," तो म्हणाला. "बेअरिंगं गेली. ही बघा." तळहातावर चंद्रकोरीसारखे पत्र्याचे दोन तुकडे होते, ओरखडलेले, मधे तांब्याचा रंग दिसणारे. "तेलाचा थर असतो म्हणून लोखंड लोखंडाला घासत नाही. थर गेला की संपलं."

"पण तेल तर जास्त होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? हो, जास्त होतं. तीन लिटरच्या वर निघालं. आणि पातळ, पाण्यासारखं."

"मग पाणीच असेल. ते गॅस्केट की काय..."

"हेडचं गॅस्केट गेलं असतं तर तेल चहासारखं दुधाळ झालं असतं. हे काळं आहे. कार्ब्युरेटर तुंबून पेट्रोल उतरलं म्हणावं, तर मागच्याच महिन्यात मी नवं किट टाकलंय आणि प्लग कोरडे आहेत." त्याने डबा पुढे केला. "वास घ्या."

मी घेतला. काळ्या तेलाच्या आड पेट्रोलचा झणझणीत वास होता.

"कुणीतरी ओतलंय," तो म्हणाला. "काही लोक इंजिन आतून धुवायला रॉकेल-पेट्रोल टाकतात. टाकायचं आणि काढून घ्यायचं विसरायचं."

"आप्पा असं करतील?"

तो हात पुसत राहिला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"सांगू नये, पण तुमच्या घरात पोर आहे म्हणून सांगतो. मागच्या आठवड्यात आप्पा आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, 'मी तुझ्याकडून तेलाचा डबा नेला का रे? जास्तीचा?' मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, 'नक्की? मी नेला असेन आणि मला आठवत नसेल, असं नाही ना?'"

आप्पांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, शेवटची दोन वर्षं स्वतःच्या घराच्या दाराशी उभे राहून घंटी वाजवायचे आणि दार उघडणाऱ्या बायकोला विचारायचे, "मालक आहेत का?" आप्पा त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे आप्पा आता त्याच वयाचे.

'मी?' हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला होता. पानंही त्यांनीच फाडली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पाळणाघराचा अर्ज भरला.

५

तो दिला मात्र नाही. कारण संध्याकाळी घरी आल्यावर मी खणाखालचं कपाट उघडलं आणि तिथे तेलाचा डबा होता. गेल्या सर्व्हिसिंगला आणलेला, एक लिटरचा, तोंडावरचं चंदेरी झाकण जसंच्या तसं. आप्पांनी जर विसरून ओतलं, तर कशातून ओतलं? दुसरा डबा आणला म्हणावा, तर रिकामा डबा कुठे गेला? आणि पेट्रोल घरात आणलं असतं तर सासूबाईंना आधी कळलं असतं. त्यांचं नाक म्हणजे पोलिसांचा कुत्रा.

शनिवारी सकाळी त्या ओसरीपुढची फरशी घासत होत्या. गाडी नसल्यामुळे तिथे मोठा चौकोन मोकळा पडला होता, आणि मधोमध ताटाएवढा काळपट डाग.

"काय बघत बसलीस? बादली दे," त्या म्हणाल्या. "महिनाभर हैराण झाले मी. रोज खाली जुनं वर्तमानपत्र घालायचं, रोज उचलून फेकायचं. टिपटिप, टिपटिप. आणि तो पेट्रोलचा वास! तू पण किती ओरडत होतीस."

ओरडत होते खरी. वासाने भुंगीला मळमळतं, ठिणगी पडली तर काय, असं रोज काहीतरी. मग एक दिवस वास गेला आणि मी सुटकेचा श्वास टाकून तो विसरून गेले. सुटका झाली की मी कारण विचारत नाही, हे मला आत्ता कळत होतं.

"आई, गळणं थांबलं कधी?"

"पाण्याची टाकी धुतली ना आपण, त्या शनिवारी. टाकीवाले चिखल घेऊन येतील म्हणून मी सकाळीच कागद उचलायला वाकले, तर कोरडा ठक्क! म्हटलं, देव पावला."

त्या शनिवारी. वहीत तेल वाढायला लागलं तो शनिवार.

मी बादली तिथेच ठेवली. आजवर बाहेर गळत होतं ते आता गळत नव्हतं, आणि आत वाढत नव्हतं ते आता वाढत होतं. कुणी काही ओततच नव्हतं. बाहेर जायची वाट बंद झाली होती.

"अगं, चपला तरी घाल!" सासूबाई ओरडल्या, तोवर मी कोपऱ्यावर होते.

"पेट्रोल कुठून गळायचं?" मी धापा टाकत कानसेनला विचारलं.

"पंपातून. आप्पांना म्हटलं होतं मी, पंप बदलू. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात." त्याने बोटाने इंजिनाच्या माथ्याजवळची मुठीएवढी वस्तू दाखवली. "आत रबरी पडदा असतो. तो वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. जुना झाला की चिरतो. मग पेट्रोल खालच्या भोकातून बाहेर ठिबकतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं, पडदा फाटलाय हे माणसाला कळावं म्हणून."

"आणि भोक बंद झालं तर?"

"बंद कसं होईल? झालंच तर इंजिनाच्या आत..." तो टॉर्च घेऊन वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग पाना लावून त्याने पंप सोडवला आणि माझ्यापुढे उलटा धरला.

पंपाच्या पोटाशी करड्या रंगाचा एक कडक गोळा होता. दोन वड्या मळून नळाला लावतात, तसलं सील. नीट गुळगुळीत केलेलं, वर अंगठा दाबलेला.

"हे माझं काम नाही," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आईशप्पथ नाही. आणि आप्पांचं तर नाहीच. ते भोक कशाला असतं, हे त्यांनीच मला कॉलेजातल्या चित्रावरून दाखवलंय."

६

आमच्या न्हाणीघरातल्या नळाला त्याच रंगाचं सील आहे. ते कुणी लावलं, हे मला विचारायची गरज नव्हती.

मी पंप टेबलावर ठेवला. दीर नाश्ता करत होते. घास हातातच राहिला.

"वहिनी..."

"उघडलं होतंत बॉनेट?"

"एकदाच." त्यांचा चेहरा उतरला. "त्या शुक्रवारी संध्याकाळी तू दादाशी फोनवर बोलत होतीस. म्हणालीस, 'उद्या वास आला तर भुंगीला त्या गाडीत बसवणार नाही.' आप्पा आतल्या खोलीत होते, त्यांनी ऐकलं. त्यांचं तोंड बघवेना गं. मी बंबाला कितीही नावं ठेवीन, पण सकाळी ती दोघं जातात ना, ते... मी टॉर्च घेतला, ठिबकतंय कुठून पाहिलं आणि नळ गळतो तसं बुजवलं. दुसऱ्या दिवशी वास गेला. मला वाटलं, काम फत्ते!"

"मग सांगितलं का नाही?"

"आप्पा ओरडतील म्हणून. आणि बुधवारनंतर तर... मला खरंच कळलं नाही, त्याचा याच्याशी काही संबंध आहे म्हणून. नळात आत-बाहेर कुठे असतं?"

दारात आप्पा उभे होते. केव्हापासून, कुणास ठाऊक. ते पुढे आले, पंप उचलला, चष्मा कपाळावर चढवून त्या करड्या गोळ्यावर नख घासलं.

"पडदा फाटला," ते स्वतःशीच म्हणाले. "बाहेरची वाट बंद. मग पुशरॉडच्या, पडदा हलवणाऱ्या दांड्याच्या, कडेने आत. तेल पातळ. पातळी वर." खुर्ची ओढून ते बसले. "म्हणजे मी ओतत नव्हतो."

"नाही, आप्पा."

"मी विसरत नाहीये?"

"विसरताय कसले!" सासूबाई पदराने डोळे पुसत फिसकारल्या. "माझ्या भावाने लग्नात तुम्हाला खुर्ची दिली नाही, ते बेचाळीस वर्षं लक्षात आहे!"

दीर हसले. कानसेनही दारात येऊन उभा होता, तोही हसला. सगळ्यांना वाटलं, झालं. उलगडा झाला, कुणी वाईट नाही, चहा टाका.

मला हसू येईना.

"आप्पा, एक राहिलंय," मी म्हटलं. "हे तुम्हाला आत्ता कळलं. पण गेल्या आठवड्यात तुम्हाला वाटत होतं की आपणच ओततोय आणि विसरतोय. मोठ्या काकांसारखं. आणि तसं वाटत असताना तुम्ही रोज भुंगीला मागे बसवलंत आणि किल्ली फिरवलीत."

सासूबाई "अगं" म्हणाल्या आणि थांबल्या.

आप्पांनी चष्मा खाली घेतला. "बसवलं."

"का?"

"सांगितलं असतं तर तू पोर काढून घेतली असतीस."

"घेतली असती."

"म्हणून." त्यांनी पंप टेबलावर ठेवला. "प्रयोगशाळेत कुणी आकडा लपवला तर मी त्याला बाहेर काढायचो. बुधवारी तिचा ओठ पाहिला आणि घरी येऊन पानं फाडली. तेव्हासुद्धा मी आकडेच लपवले. तुझ्याकडे यायचं सोडून खणाकडे गेलो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझी चूक नाही. तू घाल तिला पाळणाघरात."

त्यांना बरं वाटावं म्हणून बोलणं सोपं होतं. भुंगीच्या बाबतीत मी तसं बोलत नाही.

रविवारी सकाळी ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. मी भाजी चिरत होते.

"उद्या अकरा वाजताची वेळ घेतली आहे. डॉक्टरांची. डोकं तपासायला."

"पण आता..."

"पंपाचा निकाल लागला, माझा नाही. बारा दिवस मी घाबरलो होतो, म्हणजे आधीही काहीतरी खटकलं असेलच ना. तू चल. त्यांनी विचारलं आणि मी गोडगोड बोलायला लागलो, तर माझ्या पायावर पाय दे."

"जोरात देईन."

"दे." ते घुटमळले. "ते काय म्हणतील ते तुला त्याच वेळी कळेल. पुढचं तू ठरव. पण उद्या सकाळी शाळेत... गाडी तर नाहीच. चालत नेऊ का?"

मी सुरी खाली ठेवली. शाळा पंधरा मिनिटांवर. मधे तो पूल, एक चौक, एक रस्ता ओलांडायचा. आप्पांनी मला आजवर कधी 'नेऊ का' असं विचारलं नव्हतं.

"चौकात हात सोडायचा नाही," मी म्हटलं.

"नाही."

"आणि काही वाटलं, काहीही, अगदी आपल्याला उगीच वाटतंय असं वाटलं, तरी आधी मला फोन."

"आधी तुला."

सोमवारी पावणेनऊला ती दोघं निघाली. भुंगीच्या ओठावर खपली धरली होती. तिला नवीन पाठांतर हवं होतं आणि आप्पा तिला पंपाचा पडदा समजावून सांगत होते. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी तिचा हात डावीकडून उजवीकडे घेतला, रस्त्याच्या आतल्या बाजूला. मी खिडकीत होते. ती दोघं कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तरी मी खिडकीतून हलले नाही. पण त्यांच्यामागे जायला चपलाही घातल्या नाहीत.